बक्षीसपत्र

मांदाडच्या खाडीकडे तोंड करून
कुड्याच्या डोंगरात बसलीत ही लेणी,
आणि मी, सव्वीस वर्षं दुय्यम निबंधकांच्या कचेरीत
खरेदीखतं, गहाणखतं चढवून घेतलेली बाई,
चपला हातात घेऊन उभी.
काढा, असं कुणी म्हटलं नव्हतं.

आत ओल. वटवाघळांचा वास.
मध्ये स्तूप, अगदी साधा,
घमेलं पालथं घालावं तसा.
समई नाही, फूल नाही.
घंटेसाठी हात आपसूक वर गेला
तर वर नुसतं छत.
त्याच हाताने मग केस सारखे केले.

चौकीदार धाडवे म्हणाले, बाई, हे वाचा.
वाचता कुठं येतंय. अक्षरं म्हणजे
ओल्या वाळूवरून तुरतुरत गेलेली कुर्ली.
त्यांनी बोट न टेकवता, हवेतच
ओळीखालून फिरवलं:
सुलसदत्त बाप, उत्तरदत्ता आई,
त्यांचा मुलगा शिवभूती, महाभोजाचा लेखक,
बायको नंदा हिच्यासह,
लेणं दान.

लेखक म्हणजे?
म्हणजे तुमच्यासारखाच. कारकून.

मी पुन्हा बघितलं, या खेपेला नोकरीच्या नजरेने.
चतुःसीमा नाहीत.
पश्चिमेस खाडी, पण ती दिसतेच आहे.
मुद्रांक नाही, साक्षीदारांचे अंगठे नाहीत,
‘राजीखुशीने, कोणतेही नशापाणी न करता’ नाही.
आणि दस्त अजून जिवंत.
आमच्याकडे तीस वर्षांत वाळवी लागते.

त्यात नाव शिवाचं,
बुद्धाच्या भिंतीवर.
त्याला स्वतःला काही अडलेलं दिसत नाही.
घेणाऱ्या भिक्षूंनीही
आडनाव विचारलं नसावं.

नंदाचं मात्र उतरताना डोक्यातून जाईना.
किती वर्षं बाजूला टाकत आली असेल,
कुठल्या मडक्यात,
की नुसतं हो म्हणाली?
काही असो, भिंतीवर आहे.
आमच्या घरी फ्रीजच्या पावतीवरही मी नाही.

खाली नजीरभाई हुर्झुक ओम्नीला टेकून.
चला, साडेतीनला ओहोटी पुरी,
भरती चढली की हरिहरेश्वराची वाट बंद.
बाप त्यांचा मचव्यावर होता,
त्यांना घड्याळ लागत नाही.

आधी काळभैरव, मग देव, मग पुन्हा काळभैरव.
आधी शिपाई, मग साहेब, जाताना परत शिपाई:
ही रीत मला नवी नाही.
चाफ्याची पाच फुलं वाहिली.
कुड्याला हात रिकामेच होते, हे तेव्हा आठवलं.

अभिषेकाच्या पावतीला पोरगा विचारतो,
कुणाच्या नावे? मिस्टरांच्या?
लिही, म्हटलं,
धोंडू बाप, गोदावरी आई,
त्यांची मुलगी कमळजा, लेखक.
त्याने पेन थांबवलं. पुस्तकं लिहिता?
नाही रे. लोकांची बक्षीसपत्रं.
एका ओळीत एवढं बसत नाही, म्हणाला,
पण बसवलं, बारीक करून, कडेकडेने.

मग खडकाच्या फटीतून पायऱ्या,
थेट समुद्राच्या पायाशी.
इथे कड्याला जाळी पडलीय,
मधाच्या पोळ्यासारखी, हजार खोल्यांची.
ना छिन्नी, ना महाभोज.
कुणी दिलं, कुणाला, कशासाठी,
कुठेच चढवलेलं नाही.
मी उगाच एक कोपरा हाताने पुसून बघितला.

एक लाट चुकून वर आली,
कंबरेपर्यंत.
मुठीतली पावती उलगडली तर
नाव सगळं निळं होऊन वाहिलेलं,
एक्कावन्न रुपये तेवढे
स्वच्छ वाचता येत होते.

वरून नजीरभाईंनी हॉर्न दिला.
पाणी वळलं होतं.